जोडीदाराचे बाहेर संबंध, त्यात आजाराची भीती : आधी काय करायचं, कायदा काय देतो?

कन्नड (प्रतिनिधी) : नवऱ्याच्या मोबाईलवर एखादा मेसेज दिसतो. किंवा बायकोबद्दलची कुजबुज पारावरून घरापर्यंत येते. मग भांडण, रडारड, माहेरी निघून जाणं आणि शेवटी दोन्हीकडचे पाहुणे बसवून मिटवामिटवी. या सगळ्या गोंधळात एक प्रश्न कुणीच विचारत नाही, तो म्हणजे काही आजार लागला असेल तर? आणि एक गोष्ट मात्र जो तो ठासून सांगतो, "आता व्यभिचार गुन्हाच राहिला नाही, कोर्टात जाऊन काय मिळणार?"

पहिला प्रश्न न विचारल्याने तब्येतीचं नुकसान होतं. दुसरं वाक्य अर्धंच खरं आहे, आणि त्यावर विश्वास ठेवल्याने हक्काचं नुकसान होतं. आपल्या तालुक्यातली अनेक कुटुंबं कामासाठी महिनोन् महिने विभागलेली असतात. कुणी ऊसतोडीला, कुणी गाडीवर, कुणी वाळूजच्या कंपनीत. लांब राहणाऱ्या प्रत्येकाचं पाऊल घसरतं असं मुळीच नाही. पण ज्यांच्या घरात ही वेळ आली आहे, त्यांना नेमकी माहिती हवी. ती इथे क्रमाने दिली आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात ठेवा. बाहेरचे संबंध हा एक विषय आहे आणि आजार हा दुसरा. दोन्हींचे पुरावे वेगळे, दोन्हींची दारं वेगळी. त्यांची सरमिसळ केली की केस कच्ची होते.

पहिली पायरी दवाखान्याची

वकील दोन दिवसांनी भेटला तरी चालतं, डॉक्टर नाही. एचआयव्हीचा संसर्ग होऊ नये म्हणून घ्यायची औषधं (डॉक्टर त्याला 'पेप' म्हणतात) धोक्याचा संबंध आल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. धोका किती, औषध द्यायचं की नाही, हे डॉक्टर ठरवतात. पण त्यासाठी वेळेत पोचायला हवं. ७२ तास उलटून गेले असतील तरी तपासणी टाळू नका.

सरकारी रुग्णालयांमधल्या एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात, म्हणजे 'आयसीटीसी'त, एचआयव्हीची तपासणी मोफत होते. कन्नडच्या सरकारी रुग्णालयात चौकशी करा. गावातल्या ओळखीच्या माणसांची भीती वाटत असेल तर थेट छत्रपती संभाजीनगरला घाटी रुग्णालय गाठा. तिथे जाऊन तपासणी करायला कुणाच्या शिफारशीची गरज नाही. १०९७ हा एड्सविषयीचा राष्ट्रीय मोफत क्रमांक आहे. त्यावर नाव न सांगताही विचारता येतं.

एचआयव्ही एवढीच तपासणी नको. गरमी (सिफिलिस), परमा (गनोरिया), कावीळ 'ब' यांबद्दलही डॉक्टरांना विचारा. गरमी वेळेत कळली तर पेनिसिलीनच्या इंजेक्शनने बरी होते. कावीळ 'ब' टाळायला लस आहे. पहिला रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून निर्धास्त होऊ नका. संसर्ग झाल्यावर तो तपासणीत दिसायला काही आठवडे लागतात, म्हणून डॉक्टर साधारण तीन महिन्यांनी पुन्हा बोलावतात. तोवर जोडीदाराशी संबंध ठेवलेच तर निरोध वापरा. बाई गरोदर असेल तर हे सगळं दुप्पट महत्त्वाचं, कारण वेळेत औषध मिळालं तर बाळापर्यंत संसर्ग जाण्याचा धोका खूप कमी होतो.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तरी आयुष्य संपत नाही. एचआयव्हीची औषधं सरकारी एआरटी केंद्रात मोफत मिळतात. ती रोज नेमाने घेणारी माणसं शेती करतात, नोकरी करतात, पोरं वाढवतात.

आणि केसपेपर, रिपोर्ट, औषधांच्या चिठ्ठ्या फेकू नका. तारखेनुसार एका पिशवीत ठेवा. उद्या औषधपाण्याचा खर्च मागायचा असेल तर हेच कागद लागतील.

तुमचा रिपोर्ट चारचौघांत जाणार नाही

"तपासणी केली तर गावभर होईल" ही भीती खोटी नाही, पण तिच्याविरुद्ध कायदा आहे. एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध आणि नियंत्रण) कायदा २०१७ चा, तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्यात आपल्या कामाच्या गोष्टी अशा :

- तुमच्या संमतीशिवाय एचआयव्हीची तपासणी करता येत नाही. नवरा, सासू किंवा मालक म्हणाला म्हणून सुई टोचता येत नाही.
- रिपोर्ट गुप्त ठेवणं दवाखान्यावर बंधनकारक आहे.
- ज्याला आपल्याला एचआयव्ही असल्याचं आणि तो कसा पसरतो हे माहीत आहे, त्याने दुसऱ्याला संसर्ग होऊ नये म्हणून काळजी घेतलीच पाहिजे. संबंधाआधी जोडीदाराला सांगणं हा त्याचाच भाग. मात्र सांगितल्यावर मारहाण होईल अशी रास्त भीती असलेल्या बाईला कायद्याने सूट दिली आहे.
- रुग्ण स्वतः जोडीदाराला सांगत नसेल आणि जोडीदाराला मोठा धोका असेल, तर रुग्णाला तशी कल्पना देऊन डॉक्टर किंवा समुपदेशक जोडीदाराला समक्ष सांगू शकतात.
- एचआयव्ही आहे म्हणून राहत्या घरातून हाकलता येत नाही.
- पोटगी ठरवताना कोर्टाने औषधोपचाराचा खर्च धरायचा असतो. नाव गुप्त ठेवून, बंद दाराआड सुनावणीची मागणीही करता येते.

हिंदू विवाह कायद्यातही घटस्फोटाची सुनावणी बंद खोलीतच होते. तारखेला गेलं की सगळं गाव ऐकतं, असं होत नाही.

रिपोर्ट म्हणजे व्यभिचाराचा पुरावा नव्हे

इथे सगळ्यात जास्त चुका होतात. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणजे समोरच्याने शेण खाल्लं, असं लगेच धरलं जातं. पण एचआयव्ही आणि कावीळ 'ब' दूषित सुईतून, रक्तातून, आईकडून बाळालाही होतात. काही संसर्ग लग्नाआधीचे असू शकतात आणि वर्षानुवर्षं लक्षणांशिवाय अंगात राहतात. अंगावरून पांढरं जाणं, लघवीला जळजळ, खाज हे तर कितीतरी वेळा साध्या संसर्गाने होतं. आणि आधी कुणाचा रिपोर्ट आला यावरून आजार आधी कुणाला झाला हे ठरत नाही. कित्येक बायकांचा आजार बाळंतपणाच्या तपासणीत पहिल्यांदा कळतो आणि घरचे उलट तिच्यावरच बोट ठेवतात.

बिनबुडाचा आरोप अंगलट कसा येतो, याचं उदाहरण पुण्याचं आहे. २००३ मध्ये लग्न झालेल्या एका नवऱ्याने बायकोला एचआयव्ही असल्याचं सांगून घटस्फोट मागितला. प्रत्यक्षात वैद्यकीय अहवालात संसर्ग आढळला नव्हता. कौटुंबिक न्यायालयाने अर्ज फेटाळला. नवरा अपिलात गेला. नोव्हेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. नितीन जामदार आणि न्या. शर्मिला देशमुख यांच्या खंडपीठाने ते अपीलही फेटाळलं. पुराव्याशिवाय बायकोची बदनामी केल्याचा मुद्दा त्याच्याच विरोधात गेला.

चारित्र्यावरच्या आरोपाचंही तसंच आहे. जोडीदाराच्या चारित्र्यावर कोर्टाच्या कागदात खोटे, घाणेरडे आरोप करणं हीच क्रूरता ठरते, असं सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली एका मराठी दांपत्याच्याच प्रकरणात सांगितलं आहे. म्हणून जे दाखवता येईल तेवढंच लिहा.

व्यभिचार गुन्हा नाही, पण फारकतीचं कारण आहे

इंग्रजांच्या काळातल्या, १८६० च्या दंड संहितेत कलम ४९७ होतं. त्यात फक्त परपुरुषाला शिक्षा होती आणि तक्रार करण्याचा हक्क फक्त त्या बाईच्या नवऱ्याला होता. ज्या बाईचा नवरा बाहेर जायचा, तिला या कलमाचा काडीचाही उपयोग नव्हता. २७ सप्टेंबर २०१८ रोजी जोसेफ शाइन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी हे कलम रद्द केलं. १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेतही ते परत आणलेलं नाही.

पण त्याच निकालात न्यायालयाने हेही सांगितलं की व्यभिचार हे घटस्फोटाचं कारण राहीलच. म्हणजे त्यासाठी तुरुंग नाही, पण फारकत, पोटगी, मुलांचा ताबा यांचे दिवाणी दावे आहेत.

कोणाला कोणता कायदा लागतो ते पाहा.

हिंदू, बौद्ध, जैन, शीख : हिंदू विवाह कायदा १९५५. कलम १३ प्रमाणे लग्नानंतर जोडीदाराने दुसऱ्याशी स्वेच्छेने शरीरसंबंध ठेवणं, क्रूरता आणि संसर्गजन्य अवस्थेतला गुप्तरोग ही घटस्फोटाची स्वतंत्र कारणं आहेत. नवरा-बायको दोघांनाही ती वापरता येतात. गुप्तरोग उपचाराने बरा झाला असेल तर ते कारण टिकणं अवघड, म्हणून वकील बहुधा क्रूरतेचा मुद्दाही सोबत घेतात. आपल्यामुळेच जोडीदाराला आजार लागला आणि आपणच तो आधार घेऊन फारकत मागायची, हे चालत नाही. लग्नाला एक वर्ष व्हायच्या आत घटस्फोटाचा अर्ज सहसा घेतला जात नाही. फारकत नको पण वेगळं राहायचं असेल तर याच कारणांवर न्यायिक विभक्ततेचा अर्ज करता येतो.

मुस्लिम महिला : १९३९ च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्यात नवऱ्याचा तीव्र गुप्तरोग हे कारण आहे. नवऱ्याचे बदनाम बायकांशी संबंध असणं हे त्यात क्रूरतेमध्ये मोडतं. तोंडी तीन तलाक २०१९ पासून गुन्हा आहे.

नोंदणी पद्धतीचं लग्न : विशेष विवाह कायदा १९५४. व्यभिचार आणि गुप्तरोग ही दोन्ही कारणं त्यातही आहेत.

आदिवासी समाज : आपल्या भागातल्या भिल्ल किंवा इतर अनुसूचित जमातींना हिंदू विवाह कायदा आपोआप लागू होत नाही, तिथे समाजाची रूढी पाहिली जाते. पण खाली सांगितलेला कौटुंबिक हिंसाचार कायदा आणि पोटगीचा कायदा सगळ्यांना सारखाच लागू आहे.

एक धोक्याची सूचना. सगळं कळल्यावरही पुन्हा पहिल्यासारखा संसार सुरू केला, तर कोर्टात "यांनी माफ केलं होतं" असा मुद्दा येतो आणि कारण कमजोर होतं. संसार टिकवायचा असेल तर जरूर टिकवा, पण काय ठरवतोय ते समजून ठरवा.

फारकत नको, पण आधार हवा?

बऱ्याच बायकांना लगेच फारकत नको असते. पोरं लहान, शेत नवऱ्याच्या नावावर, माहेरी भाऊ-भावजय. त्यांच्यासाठी जवळचा मार्ग म्हणजे २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा. हिंसा म्हणजे फक्त मारहाण नव्हे. आरोग्य धोक्यात घालणं, लैंगिक छळ, मानसिक छळ, खर्चाला पैसे न देणं हे सगळं त्यात येतं. आजार लपवून संबंध ठेवणं यात मांडता येतं.

अर्ज न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात करायचा. संरक्षण अधिकाऱ्याकडे गेलात तर ते 'कौटुंबिक घटना अहवाल' भरून देतात. घरात राहण्याचा हक्क, मारहाणीपासून संरक्षण, दरमहा खर्च, औषधपाण्याचा खर्च, मुलांचा तात्पुरता ताबा, नुकसानभरपाई हे सगळं एकाच अर्जात मागता येतं. घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी तिथे संसार केला असेल तर राहण्याचा हक्क मागता येतो. सासर चाळीसगावचं असो की सिल्लोडचं, बाई सध्या कन्नडला माहेरी राहत असेल तर अर्ज कन्नडच्या कोर्टात चालतो. लग्न न करता नवरा-बायकोसारखे एकत्र राहणाऱ्या बाईलाही हा कायदा लागू होऊ शकतो.

पोटगीसाठी दुसरी वाट भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ची, म्हणजे जुन्या १२५ ची. नोटीस पोचल्यापासून शक्यतो ६० दिवसांत तात्पुरती पोटगी ठरवावी असं कायदा सांगतो. आपल्याकडे तारखा लांबतात हे सगळ्यांना माहीत आहे, तरी अर्ज लवकर करण्यात फायदा आहे. कारण नागपूर खंडपीठाकडून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी सांगितलं की पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची, आणि दोघांनीही आपली मिळकत, कर्ज, खर्च शपथपत्रावर दाखवायचा. सातबारा, पगारपत्रक, साखर कारखान्याची बिलं यांच्या प्रती मिळाल्या तर ठेवा.

पोलिसांत कधी जायचं?

नुसते बाहेरचे संबंध आहेत एवढ्यावर पोलीस गुन्हा नोंदवू शकत नाहीत. पण सोबत पुढचं काही असेल तर प्रकरण बदलतं.

- छळ : मारहाण, जीव द्यावासा वाटेल असा त्रास, पैशासाठी छळ. न्याय संहितेचं कलम ८५ (जुनं ४९८-अ), तीन वर्षांपर्यंत शिक्षा. फक्त संबंध आहेत म्हणून हे कलम लागत नाही, छळ दाखवावा लागतो.
- दुसरं लग्न : पहिलं लग्न कायम असताना दुसरं करणं अजूनही गुन्हा आहे. कलम ८२, सात वर्षांपर्यंत शिक्षा. मात्र दुसरं लग्न रीतसर विधीने झाल्याचं सिद्ध करावं लागतं. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात १९६५ साली विधी सिद्ध झाले नाहीत म्हणून आरोपी सुटला होता. "दुसरी ठेवली आहे" एवढं पुरत नाही.
- आजार पसरवणं : जिवाला धोकादायक आजार निष्काळजीपणे पसरेल असं वागणं, कलम २७१, सहा महिन्यांपर्यंत शिक्षा. जाणूनबुजून, वाईट हेतूने केलं तर कलम २७२, दोन वर्षांपर्यंत.

शेवटच्या कलमांबद्दल स्पष्टच सांगायला हवं की ती सिद्ध करणं कठीण आहे. समोरच्याला आजाराची माहिती आधीपासून होती, हे दाखवावं लागतं. १८८६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे गरमी दिल्याच्या तक्रारीचं एक प्रकरण आलं होतं, त्यातही हे कलम लागू झालं नाही. म्हणून फक्त फौजदारी केसवर सगळी भिस्त ठेवू नका. खर्च, घर आणि उपचार वरच्या मार्गांनीच लवकर मिळतात.

पुरावा गोळा करताना

दोघांना रंगेहाथ पकडावंच लागतं असं नाही. लॉजच्या पावत्या, फोटो, मेसेज, साक्षीदार, खर्चाच्या नोंदी यांवरून कोर्ट निष्कर्ष काढू शकतं. १४ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नवरा-बायकोचं आपसातलं चोरून केलेलं फोन रेकॉर्डिंगही वैवाहिक दाव्यात पुरावा म्हणून घेता येईल असं सांगितलं. मोबाईलमधला पुरावा द्यायचा तर ठरलेलं प्रमाणपत्र जोडावं लागतं, म्हणून मूळ फोन विकू नका, फॉरमॅट मारू नका.

पण दुसऱ्याचे खाजगी फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं, स्टेटसला ठेवणं, त्या बाईच्या घरी जाऊन धिंड काढणं, केस ओढणं यात तक्रारदारच आरोपी होतो. मुलांना मध्ये ओढू नका. "पोरगं माझं आहे का बघू" म्हणून डीएनए तपासणीची मागणी होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की नवरा-बायकोच्या भांडणात व्यभिचार सिद्ध करण्यासाठी मुलाची अशी तपासणी सरसकट करता येणार नाही.

बाँडवरची सोडचिठ्ठी

गावात बैठक बसते, बाँडवर दोघांच्या सह्या होतात, "फारकत झाली" म्हणतात. समाजात फारकतीची जुनी रूढी आहे हे सिद्ध होत नसेल, तर हिंदू विवाह कायद्याखालच्या लग्नात अशा कागदाने घटस्फोट होत नाही. त्या भरवशावर दुसरं लग्न केलं तर तेच अंगावर येतं. त्या कागदात "पोटगीवर हक्क सोडला" असंही एक वाक्य हळूच घातलेलं असतं. वाचल्याशिवाय, वकिलाला दाखवल्याशिवाय सही किंवा अंगठा देऊ नका. दोघांनाही वेगळं व्हायचं असेल तर परस्पर संमतीचा घटस्फोट कोर्टातूनच घ्या. त्यासाठी एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. पुढची सहा महिन्यांची मुदत योग्य कारण असेल तर कोर्ट माफ करू शकतं.

जातपंचायत वाळीत टाकायची धमकी देत असेल तर महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा स्वतंत्र कायदा आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

पुरुषांनी काय करायचं?

बायकोचे बाहेर संबंध असतील तर नवऱ्याला घटस्फोट, न्यायिक विभक्तता आणि मुलांच्या ताब्याचे मार्ग खुले आहेत. तपासणी, उपचार, गुप्ततेचे हक्क दोघांना सारखेच. कलम १४४ खाली, व्यभिचारात राहणाऱ्या बायकोला पोटगी मिळत नाही, पण एखाद-दुसरी चूक म्हणजे 'व्यभिचारात राहणं' नव्हे, असं न्यायालयं मानत आली आहेत. हात उचलला की बाजू बरोबर असूनही आरोपी व्हाल. राग आवरा, कागद जमवा.

मदत कुठे मिळेल?

- तालुका विधी सेवा समिती, कन्नड न्यायालय : महिला, अनुसूचित जाती-जमाती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील. इतरांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे. मोफत क्रमांक १५१००.
- महिला हेल्पलाईन १८१, तातडीला पोलीस ११२.
- एचआयव्ही/एड्स माहिती १०९७.
- संरक्षण अधिकारी (महिला व बालविकास विभाग), जिल्ह्याचं सखी वन स्टॉप सेंटर आणि पोलिसांचा भरोसा सेल.

घटस्फोटाचा अर्ज नेमका कोणत्या कोर्टात पडेल हे लग्न कुठे झालं, शेवटी एकत्र कुठे राहिलात आणि पत्नी आता कुठे राहते यावर ठरतं. विधी सेवा समितीत हे फुकट विचारता येतं.

शेवटी एकच. नातं ठेवायचं की तोडायचं हा निर्णय ज्याचा त्याने घ्यायचा, आणि तो पहिल्या आठवड्यात घ्यायची गरज नाही. तपासणी मात्र त्याच आठवड्यात करा. जीव राहिला तर संसारही पाहता येतो आणि कोर्टही.

(ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. प्रत्येक प्रकरण वेगळं असतं, पाऊल उचलण्याआधी वकील आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.)